वीस पौंडांची दोरी

साडेतेरा किलोंहून जड मासा धरायला निघायचं आणि नऊ किलोच्या ओढीला तुटणारी दोरी सोबत घ्यायची, हा काही शहाण्या माणसाचा बेत नव्हे. पण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या व्हँकुव्हर बेटावर, कॅम्बेल रिव्हर नावाच्या गावात, गेली शंभर वर्षं दर उन्हाळ्यात लोक हेच करत आले आहेत. या गावात टायी क्लब आहे. नुसते पैसे भरून त्याचं सभासद होता येत नाही. आधी किमान तीस पौंडांचा, म्हणजे साडेतेरा किलोंचा सॅल्मन पकडून दाखवावा लागतो, आणि तोही क्लबाच्या अटींवर. होडी वल्ह्यांनीच चालली पाहिजे. गळ पाण्यात असताना इंजिन बंद. आमिष म्हणून खरा मासा चालत नाही, धातूचा चमचा नाहीतर लाकडा-प्लास्टिकचा खोटा मासा लावायचा. गळ एकच, आणि मासा निसटू नये म्हणून गळाच्या टोकाला जो उलटा काटा असतो तो नसलेला. काठी सहा ते नऊ फुटांची. दोरी वीस पौंडांची, म्हणजे नऊ किलोंच्या ओढीला तुटेल अशी. बाजारात याच्या कितीतरी पट दणकट दोरी मिळते. ती घ्यायची नाही.

क्लब स्थापन झाला १९२४ साली आणि त्याच्या अटींचा गाभा आजही तोच आहे. मासेमारीच्या इतिहासात माणसाची सगळी खटपट काम सोपं करण्यासाठी झाली. जाळी मोठी झाली, होडी वेगवान झाली, आमिष जास्त फसवं झालं. इथे मात्र उलटी गंगा वाहिली. ती का वाहिली, त्यानं काय साधलं आणि काय मुळीच साधलं नाही, हे पाहण्यासारखं आहे. सॅल्मनच्या हौशी मासेमारीत गेल्या सव्वाशे वर्षांत जे जे घडलं, ते बहुतेक सगळं या एका नदीमुखाशी घडलेलं आहे.

आधी जागा समजून घेऊ. हिमयुगातल्या हिमनद्यांनी इथले डोंगर कोरून काढले आणि नंतर त्या दऱ्यांत समुद्र शिरला. त्यामुळे हा किनारा म्हणजे लांबट खोल खाड्या, बेटं आणि चिंचोळ्या सामुद्रधुन्या यांचं जाळं आहे. पॅसिफिकची भरती व्हँकुव्हर बेटाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून आत येते, एक प्रवाह उत्तरेकडून आणि एक दक्षिणेकडून, आणि कॅम्बेल रिव्हरच्या आसपास दोघांची गाठ पडते. गावासमोरच्या सामुद्रधुनीचं नाव डिस्कव्हरी पॅसेज. पलीकडे क्वाड्रा बेट, मधलं पाणी सतत धावतं. थोडं उत्तरेला सीमूर नॅरोज ही आणखी अरुंद जागा आहे. उधाणाच्या वेळी तिथला ओघ ताशी २८ किलोमीटरपर्यंत जातो. त्या ओघाच्या मधोमध रिपल रॉक नावाचा पाण्याखालचा खडक होता. त्यानं शंभराहून जास्त जहाजं फोडली किंवा जायबंदी केली आणि शंभराहून जास्त माणसं घेतली. शेवटी समुद्रतळाखालून बोगदा खणून, त्या खडकाच्या पोटात १,३७५ टन स्फोटकं भरून ५ एप्रिल १९५८ रोजी तो उडवला. कॅनडात तो स्फोट दूरचित्रवाणीवरून थेट दाखवला गेला. अणुस्फोट वगळता माणसानं ठरवून केलेल्या सर्वांत मोठ्या स्फोटांत त्याची गणना होते. जहाजांची सोय झाली. पाण्याचा स्वभाव फारसा बदलला नाही.

हे घुसळणारं पाणी तळाकडची खनिजं वर आणतं, त्यावर प्लवक वाढतं, प्लवकावर हेरिंग आणि हेरिंगवर सॅल्मन. शिवाय इथे एक नदीही समुद्राला मिळते. गावाचं आणि नदीचं नाव एकच, कॅम्बेल. पण सॅल्मनच्या दृष्टीनं ही नदी अगदी आखूड आहे. मुखापासून साधारण पाच किलोमीटर वर गेलं की एल्क फॉल्स हा पंचवीस मीटरांचा धबधबा आडवा येतो आणि त्यापुढे कोणताही मासा जाऊ शकत नाही. एवढ्याशा नदीत इतके प्रचंड मासे का, याचं एक स्पष्टीकरण असं देतात की इथला ओघ जोराचा आणि खडी मोठी आहे. अंड्यांसाठी खळगा खणायला मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी खडी बाजूला सारते. मोठी खडी सारायला मोठंच अंग लागतं.

पॅसिफिक सॅल्मनच्या या किनाऱ्यावर पाच जाती: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. अंगानं सर्वांत मोठा चिनूक. आपण ज्याच्या मागे आहोत तो हाच. तीस पौंडांच्या वरच्या चिनूकला इथे टायी म्हणतात. स्थानिक व्यापारी बोलीत त्याचा अर्थ मुखिया. बंगालचा हिल्सा जसा समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत चढतो, तसाच हाही. फरक एवढा की पॅसिफिक सॅल्मन एकदाच अंडी घालतो आणि मरतो. शरद ऋतूत खडीत पुरलेली अंडी थंडीत फुटतात, वसंतात पिल्लं वर येतात आणि नदीमुखाच्या खाऱ्या-गोड्या पाण्यात, लव्हाळ्यात आणि समुद्री गवतात काही आठवडे काढतात. मग ती उत्तरेला अलास्काच्या दिशेनं जातात. तीन, चार, कधी पाच वर्षांनी मोठी होऊन परततात, आणि परततात ती बहुतेक आपल्याच नदीत. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्थर हॅस्लर यांनी १९५०च्या दशकापासून केलेल्या प्रयोगांतून दिसलं की हा पत्ता नाकात साठवलेला असतो. पिल्लू समुद्राकडे निघताना आपल्या पाण्याचा वास लक्षात ठेवतं आणि वर्षांनंतर तोच वास हुंगत माघारी येतं.

परतलेला चिनूक नदीत शिरण्यापूर्वी मुखाशी काही काळ घुटमळतो. तिथल्या पाण्याला टायी पूल म्हणतात. या टप्प्यावर त्याची भूक मेलेली असते, पोट आक्रसत चाललेलं असतं. तरीही समोरून थरथरत जाणाऱ्या चमच्यावर तो तोंड मारतो. रागानं की जुन्या सवयीनं, यावर वल्हेकऱ्यांची मतं वेगवेगळी आहेत आणि माशाला विचारायची सोय नाही.

हे सगळं गोऱ्या माणसाच्या आधीपासून ठाऊक असलेले लोक इथे राहत होते आणि राहतात. लेक्विल्टोक समाजाच्या वी वाय कम आणि वी वाय काय या शाखांची वस्ती याच नदीमुखाशी आणि समोरच्या क्वाड्रा बेटावर. त्यांच्यासाठी सॅल्मन म्हणजे वर्षाची बेगमी, धुरावर वाळवून ठेवायचं अन्न. मासा पकडून त्याच्याशी खेळायचं, ही कल्पना बाहेरून आली. १८९६ साली सर रिचर्ड मसग्रेव्ह या आयरिश सरदारानं, जो बेटावरच्या डन्समूर या कोळसासम्राटाचा जावई होता, इथे एका स्थानिक माणसाच्या डोंगीत बसून सत्तर पौंडांचा चिनूक काठीनं पकडला आणि त्याची हकिकत लंडनच्या 'द फील्ड' या शिकारी-खेळांच्या साप्ताहिकात दिली. स्कॉटलंडच्या नद्यांवर वीस-पंचवीस पौंडांच्या माशासाठी गडगंज भाडं मोजणाऱ्या वाचकांवर त्याचा काय परिणाम झाला असेल, हे सांगायला नको. हकिकतीत मासा आहे, काठी आहे, सरदार आहे. पाण्याचा ओघ ओळखून डोंगी त्या जागी नेणारा माणूस मात्र इतिहासात जवळजवळ बिननावाचाच राहिला. हौशी मासेमारीच्या वाङ्मयात असं फार वेळा दिसतं, आणि ते वाचताना दर वेळी खटकतं.

पाठोपाठ पाहुणे येऊ लागले. १९०४ साली चार्ल्स थुलिन या स्वीडिश स्थलांतरितानं विलोज हॉटेल उघडलं. त्या वेळी गाव असं नव्हतंच. लाकूडतोड्यांच्या छावण्या, बोटीचा धक्का आणि हे हॉटेल. एका टेबलावर चिखलाच्या बुटांतले लाकूडतोडे आणि दुसऱ्यावर ट्वीडचा कोट घातलेले साहेब, असा तो काळ. १९२०च्या दशकात नेड पेंटर हा होड्या बांधणारा कारागीर इथे आला. त्यानं हलक्या, सहज वळणाऱ्या वल्ह्यांच्या होड्या बांधल्या, त्या भाड्यानं दिल्या, पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि त्यातून पेंटर्स लॉज उभं राहिलं. बॉब होप, बिंग क्रॉस्बी, जॉन वेन अशी हॉलिवूडची मंडळी पुढे तिथे येऊन राहिली, हे गाव आजही अभिमानानं सांगतं. ते जुनं लाकडी लॉज १९८५ साली जळालं आणि पुन्हा बांधलं गेलं.

क्लबाची कल्पना कॅलिफोर्नियाहून आली. लॉस एंजलिससमोरच्या कॅटालिना बेटावर चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी १८९८ साली ट्यूना क्लब काढला होता. त्या काळी लोक जाड दोर आणि भलेमोठे गळ टाकून ट्यूना खेचायचे, कित्येकदा ते नुसते कुजायला टाकून द्यायचे. होल्डर यांनी अट घातली: बारीक दोरी, हलकी काठी, मासा एकट्यानं आणायचा. त्या क्लबाशी संबंध असलेली मंडळी उन्हाळ्यात कॅम्बेल रिव्हरला यायची. त्यांनी आणि स्थानिकांनी मिळून १९२४ साली टायी क्लब स्थापन केला. माशाच्या वजनाप्रमाणे छातीवर लावायची बटणं ठरली. तीस पौंडांना कांस्य, चाळीसला रौप्य, पन्नासला सोनेरी आणि साठच्या वर हिऱ्याचं. हंगामातला सर्वांत मोठा मासा आणणाऱ्याला 'टायी मॅन' हा किताब. क्लबाचा विक्रम ७१.५ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेबत्तीस किलोंचा. १९६८ साली वॉल्टर शट्स यांनी तो मासा आणला. काठीनं पकडलेल्या चिनूकचा जागतिक विक्रम याहून बराच मोठा आहे, ९७ पौंड ४ औंस. अलास्कातल्या कीनाय नदीवर लेस अँडरसन यांनी १९८५ साली तो केला.

यात साहेबी मिजास नव्हती असं कोण म्हणेल? पोट भरण्यासाठी मासे मारणाऱ्याला वीस पौंडांची दोरी परवडत नाही. अडचण मुद्दाम विकत घेणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या अटींमुळे पाण्यावर जे घडतं ते पाहण्याजोगं असतं.

पहाट किंवा संध्याकाळ, भरतीचं पाणी वळण्याची वेळ. नदीमुखाच्या त्या लहानशा पट्ट्यात होड्या एकमेकींपासून थोड्या अंतरावर वरखाली करत असतात. होडीत दोघे, वल्हेकरी आणि पाहुणा. पाहुणा मागच्या बाजूला काठी धरून बसतो. मान पाहुण्याचा असला तरी खरं काम वल्हेकऱ्याचं. खोटा मासा तळापासून थोडा वर राहिला पाहिजे. होडी जोरात गेली तर तो वर उचलला जातो, सैल पडली तर तळाला अडकतो. काठीचं टोक एका लयीत धडधडत असतं, ती त्या खोट्या माशाच्या शेपटीची धडधड. वल्हेकऱ्याची नजर सतत त्या टोकावर. लय बिघडली की त्याला कळतं, समुद्रशेवाळाचा धागा अडकला. काढा, साफ करा, पुन्हा सोडा. ओहोटीचा ओघ आणि नदीचा ओघ एकत्र आले की एका जागी टिकून राहायलासुद्धा सलग वल्हवावं लागतं. हाताला फोड येतात. तासन्‌तास हेच. मग टोक एकदा खाली जातं. पाहुण्यानं जोरात झटका द्यायचा, कारण उलटा काटा नसलेला गळ नीट रुतला नाही तर पहिल्याच उडीला सुटतो. दोरी एक क्षणही ढिली सोडायची नाही. वल्हेकरी लगेच होडी बाहेर वळवतो, इतरांच्या दोऱ्यांच्या गुंत्यातून काढून सामुद्रधुनीच्या खोल पाण्याकडे. बाकीच्या होड्या वाट देतात. तिथे मासा आणि माणूस दोघेही ओघाबरोबर वाहत जातात, आणि कधी कधी अंधार पडल्यावर बरंच खाली कुठेतरी त्याचा निकाल लागतो. दोरी तुटली तर तुटली. गावातली कित्येक मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत वल्हवूनच या खेळात शिरली.

आता ज्यानं या नदीला नाव मिळवून दिलं त्याच्याकडे वळू. रॉडरिक हेग-ब्राउन १९०८ साली इंग्लंडमध्ये जन्मले, तरुणपणी ब्रिटिश कोलंबियात लाकूडतोडीच्या छावण्यांत काम केलं आणि १९३०च्या दशकात कॅम्बेल नदीच्या काठी घर केलं. कायद्याची पदवी नसताना ते गावचे दंडाधिकारी झाले. उरलेल्या वेळात पुस्तकं लिहिली. इंग्रजीत मासेमारीवर लिहिणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत घेतलं जातं. त्यांचं मोठं काम मात्र मासा पकडण्याचं नव्हे. नदीवर १९४७ साली एल्क फॉल्सच्या अगदी वर जॉन हार्ट धरण झालं. पुढे वरच्या बाजूला आणखी धरणं झाली. १९५८ सालच्या स्ट्रॅथकोना धरणानं बटल सरोवराची पातळी उचलली, तीही प्रांताच्या सर्वांत जुन्या उद्यानाच्या हद्दीत. हेग-ब्राउन त्याविरुद्ध लढले आणि हरले. १९७६ साली ते गेले. त्यांचं घर आज वारसावास्तू म्हणून जपलेलं आहे.

धरण धबधब्याच्या वर, मासे धबधब्याच्या खाली. मग नुकसान कसलं, असं वाटू शकतं. नुकसान खडीचं होतं. नदी दर पुरात वरून खडी आणते आणि जुनी खडी समुद्राकडे ढकलते. धरणानं नवी खडी अडवली. जुनी जात राहिली. चिनूकला अंडी घालायला लागते तीच गोष्ट पात्रातून हळूहळू कमी होत गेली. दुसरा घाव पाण्याच्या चढउताराचा. वीजघर अचानक बंद पडलं की पात्रातलं पाणी झपाट्यानं उतरतं आणि काठालगतची पिल्लं कोरड्यावर तडफडतात. तिसरा घाव मुखाशी. जिथे पिल्लांनी वाढायचं त्या लव्हाळ्याच्या पाणथळीत लाकडी ओंडक्यांचे तराफे साठवले जायचे, करवतगिरण्या उभ्या होत्या. ओंडक्यांची साल आणि भुसा तळाला साचून सगळं गुदमरलं होतं.

टायी क्लबाच्या अटींनी यातलं काहीही थांबवलं नाही, आणि थांबणारही नव्हतं. दोरी वीस पौंडांची असो की दोनशेची, खडीच नसेल तर मासा नाही. दुरुस्ती झाली ती कंटाळवाण्या कामातून. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुखाशी मुद्दाम छोटी बेटं रचून त्यांवर लव्हाळा लावला. पिल्लं त्यात राहतात का, हे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं आणि ती राहू लागली. नदीत ट्रक भरभरून खडी आणून ओतली गेली. करवतगिरण्यांच्या जागा विकत घेऊन पाणथळ पुन्हा मोकळी केली गेली. जुनं वीजघर काढून त्या जागी जमिनीखाली नवं बांधलं, ते २०१०च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं. यंत्रं बंद पडली तरी नदीचं पाणी तुटू नये म्हणून त्यात बाजूनं पाणी सोडण्याची सोय केली. खडीचा ट्रक रिकामा करणाऱ्याच्या छातीवर कोणी बटण लावत नाही. लावायला हवं.

इकडे युद्धानंतर हौशी मासेमारी साहेबांच्या हातून सुटून सगळ्यांची झाली. मागे लावायचं स्वस्त इंजिन आलं, फायबरग्लासची होडी आली, आणि शनिवार-रविवारी कामगार, शिक्षक, दुकानदार पाण्यात उतरले. व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या जॉर्जिया सामुद्रधुनीत, तिच्या फाट्यांत आणि खाड्यांत हजारो होड्या फिरू लागल्या. १९७०च्या दशकात डाउनरिगर सर्रास झाला. हा एक चरखा. त्यावरून पोलादी तारेनं शिशाचा जड गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा आणि गळाची दोरी त्याला चिमट्यानं लावायची. मासा कुठे आहे ते ध्वनियंत्र दाखवतं, गळ तिथे नेऊन ठेवता येतो. बेटाच्या दक्षिण भागातले चार्ली व्हाइट हे मासेमारीचे लेखक. त्यांनी तर पाण्याखाली कॅमेरा सोडून सॅल्मन आमिषाभोवती कसा वागतो ते पाहिलं. मासे आमिषामागे बराच वेळ पोहतात, हुंगतात, चावून सोडून देतात, आणि वर काठी धरून बसलेल्याला त्याचा पत्ताही नसतो. त्यांची पुस्तकं भरपूर खपली. माशाच्या बाजूनं पाहिलं तर ही बातमी वाईट होती.

सरकारनं उत्तर दिलं ते अंडी उबवण्याच्या केंद्रांनी. कॅम्बेलच्या क्विन्सम या उपनदीवर १९७०च्या दशकात असं केंद्र उभं राहिलं. नरमादी पकडायची, अंडी ट्रेमध्ये फुटवायची, पिल्लं वाढवून सोडायची. काही वर्षं वाटलं की प्रश्न सुटला. पण समुद्राला वेगळंच काही करायचं होतं. १९८०च्या दशकानंतर समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी जगणाऱ्यांचं प्रमाण घसरलं. १९९०च्या दशकात कोहो जॉर्जिया सामुद्रधुनीत राहायचेच बंद झाले. पाणी तापलं, अन्नाचं वेळापत्रक बदललं, भक्षक वाढले. एकाच कारणाला दोषी धरता येत नाही. १९९८ साली केंद्र सरकारनं थॉम्पसन नदीचे कोहो वाचवण्यासाठी दक्षिण किनाऱ्याच्या बऱ्याच भागात पकडलेला कोहो ठेवून घ्यायला बंदी केली. किनाऱ्यावरची होड्या भाड्यानं देणारी, आमिष विकणारी कित्येक दुकानं यानंतर उठली.

आज पाण्यात उतरणाऱ्याच्या खिशात परवाना असतो. समुद्रातल्या हौशी मासेमारीला तो १९८१ सालापासून लागतो. दिवसाला किती, वर्षाला किती, किती लांबीचा, कुठे आणि कोणत्या तारखेपासून, सगळं ठरलेलं. चिनूक ठेवला तर तिथल्या तिथे नोंद करायची. आणि गळाला उलटा काटा नको. ही शेवटची अट टायी क्लबात हौसेखातर पाळली जाते. आज सॅल्मनसाठी ती कायद्यानं सगळ्यांना लागू आहे. कारण साधं आहे. लहान किंवा नको त्या जातीचा मासा सोडून द्यायचा असेल तर गळ पटकन निघाला पाहिजे.

आणखी एक चीज इथे बघायला मिळते. बंदरालगत ठिकठिकाणी फ्रीझर ठेवलेले असतात आणि त्यांत सॅल्मनची डोकी. उबवणी केंद्रातल्या काही पिल्लांच्या नाकाच्या कूर्चेत सव्वा मिलिमीटरहूनही आखूड अशी पोलादी तारेची चिप टोचतात आणि ओळख म्हणून पाठीमागचा छोटा मांसल पर कापतात. तो पर नसलेला मासा मिळाला की हौशी माणसानं डोकं कापून, कुठे आणि केव्हा पकडला ती चिठ्ठी लावून फ्रीझरमध्ये टाकायचं. प्रयोगशाळेत ती तार काढून सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात: कोणतं केंद्र, कोणतं वर्ष. क्विन्समचे चिनूक अलास्कापर्यंत जातात हे अशा डोक्यांमुळेच कळलं, आणि अमेरिका-कॅनडा यांच्यात १९८५ साली झालेल्या सॅल्मन कराराची मोजदाद या तारांवरच चालते. आपल्याकडे माशाचं डोकं कालवणात जातं; तिथे ते सरकारजमा होतं.

तरीही टायी कमी होताहेत. कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत चिनूकची सरासरी अंगकाठी गेल्या काही दशकांत घटली आहे. चार-पाच वर्षं समुद्रात काढून आलेले थोराड मासे आता विरळ. मोठा मासा निवडून पकडण्याची माणसाची सवय, उबवणी केंद्रांची पैदास, समुद्रातले देवमासे आणि सील, सगळ्यांवर थोडा थोडा ठपका आहे. तीस पौंडांची रेघ तीच राहिली, ती ओलांडणारे घटले. दक्षिणेकडचे निवासी ओर्का, म्हणजे काळे-पांढरे शिकारी देवमासे, जवळजवळ चिनूकवरच जगतात आणि आता सत्तरीच्या घरात उरले आहेत. त्यांच्यासाठी काही पट्टे मासेमारीला बंद होतात. फ्रेझर नदीचे चिनूक वाचवण्यासाठी २०१९पासून दक्षिणेकडच्या बऱ्याच पाण्यात वसंतापासून जुलैच्या मध्यापर्यंत चिनूक ठेवता येत नाही. हौशी लोक चिडले, आणि त्यांची चीड अगदीच अनाठायी नाही: फ्रेझरमध्ये २०१८ सालच्या बिग बारच्या दरडीनं वाट अडवली, तापलेल्या उन्हाळ्यांनी मासे मारले, आणि बंदी मात्र काठीवर आली. पण मासा कमी असताना पहिली कात्री खेळाला लागणार, हे कबूल करायला हवं.

त्यातही रांग कशी लागते, हे १९९० साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं. स्पॅरो खटल्यात मस्कीम समाजाच्या एका मच्छीमारावर कायद्यात बसत नसलेलं लांब जाळं वापरल्याचा आरोप होता. न्यायालयानं सांगितलं की माशांचं संरक्षण झाल्यावर पहिला हक्क आदिवासी समाजांच्या अन्नासाठीच्या आणि विधींसाठीच्या मासेमारीचा. व्यापारी आणि हौशी त्यानंतर. ज्या डोंगीवाल्याचं नाव मसग्रेव्हच्या हकिकतीत नव्हतं, त्याच्या नातवंडांचा हक्क असा कायद्यात आला. डिस्कव्हरी बेटांमध्ये पिंजऱ्यांत पाळल्या जाणाऱ्या अटलांटिक सॅल्मनबाबतही स्थानिक समाजांचं मत आता विचारात घेतलं जातं. २०२३ साली तिथल्या अशा पंधरा मत्स्यशेतांचे परवाने केंद्र सरकारनं पुन्हा दिले नाहीत. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत ताटात येणारा सॅल्मन बहुधा अशाच पिंजऱ्यातला, नॉर्वेचा असतो. त्याचा या नदीतल्या माशाशी नातं सांगण्यापुरताच संबंध.

व्हँकुव्हर आणि सरे भागात आता मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि उन्हाळ्यात आईवडील तिकडे गेले की त्यांना काय दाखवावं हा प्रश्न दर वर्षी पडतो. कॅम्बेल रिव्हर हे एक चांगलं उत्तर आहे. टायी क्लबाचा हंगाम १५ जुलै ते १५ सप्टेंबर. वल्हेकऱ्यासह होडी ठरवता येते, मासा मिळेल अशी खात्री कोणी देत नाही. होडी नको असेल तर गावात १९८७ साली बांधलेला डिस्कव्हरी पियर आहे, केवळ गळ टाकण्यासाठी बांधलेला. तिथे काठी भाड्यानं मिळते आणि शेजारी उभा असलेला म्हातारा न विचारता सल्ला देतो. नदीत रबरी पोशाख आणि चष्मा घालून, वर चढणाऱ्या सॅल्मनांमधून वाहत येण्याचीही सोय आहे, ती मला या सगळ्यांत जास्त शहाणपणाची वाटते. गळ टाकायचा असेल तर परवाना आधी ऑनलाइन काढा, त्या आठवड्याचे नियम त्याच दिवशी तपासा, कारण ते हंगामाच्या मधेच बदलतात. आणि पाठीमागचा छोटा पर नसलेला मासा मिळाला, तर डोकं तेवढं कालवणात घालू नका.